ताडपत्रीच्या तीन गोड गाठी

छपरं आपापल्या गाठी स्वतः निवडत, त्या काळातली ही गोष्ट. माळावर एका ताडपत्रीने सशिणीच्या पिल्लांवर छप्पर धरलं होतं. तिच्या चारही कोपऱ्यांना निरगाठी होत्या आणि तिला त्यांचा भारी जाच वाटे. जरा अंग सैल सोडलं, की त्या म्हणत, "बाई, ताठ बसा, वारं येतंय."

शेवटी तिने तिघींना कसंबसं उकलून हाकललं. चौथी काही केल्या सुटेना, म्हणून राहिली. रिकाम्या जागी सुरगाठी आल्या. त्या दिसायला फुलासारख्या आणि बोलायला त्याहून गोड. "ताईसाहेब, तुम्ही म्हणाल तेव्हा घट्ट, म्हणाल तेव्हा सैल."

सशीण काकुळतीने म्हणाली, "अहो, पोरांना अजून धड पळता येत नाही. मुरलेल्या गाठीच ठेवा."

"तू पाला खा," ताडपत्री म्हणाली. "माणसं निवडणं तुझं काम नाही."

संध्याकाळी वादळ आलं. ताडपत्री घाबरून फडफडली, दोर ओढले गेले, आणि ओढ लागताच तिन्ही सुरगाठी अदबीने सुटल्या. "तुम्हीच ओढलंत, ताईसाहेब. आम्हाला वाटलं, हुकूम झाला." चौथी तेवढी सोडेना. कोपरा फाटून तिच्यापाशीच राहिला आणि ताडपत्री उडून बाभळीत अडकली. सशिणीने भिजलेली पिल्लं त्या तुकड्याखाली ओढून घेतली.

"फार लागलं का हो?" बाभळीवरच्या कावळ्याने विचारलं.

"तिघींनी किती अलगद सोडलं मला," ताडपत्री मुसमुसत म्हणाली. "फाडलं ते त्या चौथीनं. आधी तिला काढते."