रिकामी मोजणी

“…आणि नवीन नको असेल तर का नको, तेही तुम्ही सांगत नाही. बाई? बाई, ऐकताय ना?”

रणदिवेबाई ऐकत होत्या. पण त्यांचं ऐकणं बाहेरून दिसत नसे.

नदीवर दुपार पसरली होती. पलीकडच्या काठावर सावरीची बोंडं उकलली होती आणि कापसाच्या म्हाताऱ्या, कुठेच पोचायची घाई नसल्यासारख्या, पाण्यावरून तरंगत चौकीकडे येत होत्या.

चौकी म्हणजे पूर्वीची नावेची चौकी. पूल झाले, नाव गेली, नावाडीही गेला. उरलेल्या दोन खोल्यांत बाईंनी आपले संगणक मांडले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

“एकोणीस पूल, एकोणीस पेट्या. सगळीकडे चौदाव्या व्हर्जननं केलेला प्रोग्राम टाकला की झालं. आधीची सगळी पुसून टाकू. काय म्हणता? की आधी दोनच पुलांवर टाकून बघू? बाई?”

बाईंनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं.

मुकुल शेंडगेचं हे असंच चालायचं. एक प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर यायच्या आत दुसरा. मुलगा हुशार होता, त्यात वाद नाही. पण हुशारीलाही कधी खाली बसावंसं वाटत असेल. मुकुल तिला सतत उभंच ठेवायचा.

या नदीवरचे एकोणीसही पूल बुटके, पाणी चढलं की बुडणारे. म्हणून प्रत्येक पुलाच्या कठड्याखाली एक पेटी, पेटीत नखाएवढी चिप, आणि पुलाच्या तोंडाशी लाल दिवा. पेटी खाली पाण्याच्या दिशेनं एक आवाज सोडते, माणसाच्या कानाला न कळणारा. तो पाण्यावर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खाली आहे ते समजतं. पाणी जवळ आलं की दिवा लागतो आणि माणसं अलीकडेच थांबतात.

शाळेतल्या मुलांना बाई हेच दोन वाक्यांत सांगत. “पेटी नदीला हाक मारते. नदी ओ देते.”

आता माणसानं लिहिलेलं चिपला वाचता येत नाही. ते तिच्या भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याच्या नवनव्या आवृत्त्या निघत राहतात, आणि तेच लिखाण प्रत्येक आवृत्ती आपापल्या तऱ्हेनं उतरवते. बाईंनी आजवर वापरलेली प्रत्येक आवृत्ती कपाटात एकेका डबीत जपून ठेवली होती. डबीवर त्यांच्या हातची चिठ्ठी.

‘चार : हळू आहे, पण खोटं बोलत नाही.’

‘सात : सांगितलेलं विसरते. तीनदा विचारून घ्यावे.’

‘नऊ : कुणाला देऊ नये.’

मुकुलला या चिठ्ठ्यांचं हसू यायचं. आवृत्त्या म्हणजे काय बाईंच्या भाच्या होत्या!

त्याचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. जुनी चिप बनायची बंद झाली होती, आणि नव्या चिपची भाषा कपाटातल्या एकाही आवृत्तीला येत नव्हती. चौदावी आणल्यावाचून गत्यंतर नव्हतं. नव्या चिपा बसवायला जीप उद्या सकाळी निघणार होती. पावसाळ्याआधीची ती शेवटची फेरी.

घोडं अडलं होतं चावीपाशी.

बाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक पेनड्राइव्ह असे. सगळे त्याला चावी म्हणत. तिचा शिक्का बसल्याशिवाय एकही पेटी नवा प्रोग्राम घेत नसे. बाईंना अलीकडे पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली होती, आणि या पावसाळ्यापासून चावी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची, असं त्यांनीच होळीला सांगून टाकलं होतं.

मुकुलला ती चावी हवी होती. फार हवी होती. सात वर्षं त्यानं या चौकीत काढली होती. शिवाय अकरावा पूल त्याच्या आत्याच्या गावचा होता. आत्या रोज तो ओलांडून पलीकडच्या शाळेत खिचडी शिजवायला जायची.

“तीनशे वेळा तपासलंय, बाई. तीनशेच्या तीनशे वेळा बरोबर. चला, दाखवतोच.”

बाई उठल्या. भिंतीला हात लावत त्याच्यामागून ओट्यावर आल्या.

नाव लावायची जुनी फळी ओट्यापासून नदीवर पुढे गेली होती. तिच्या टोकाखाली मुकुलनं पेटी बांधली होती, आणि पेटीच्या खाली वीतभर अंतरावर, दोरीला, पाण्यानं भरलेली बादली. बादली भरताना, बदलताना सारखं वाकावं लागू नये, म्हणून त्यानंच ती इतकी वर घेतली होती.

लॅपटॉपवर आकडा उमटला. बावीस सेंटिमीटर. लाल दिवा लागला.

“वीतभर म्हणजे बावीसच की नाही? आणि चौदावीनं प्रोग्राम केवढासा करून टाकलाय! जिथे म्हणून काही काम होत नव्हतं, ते सगळं तिनं हुडकून काढून टाकलं. मीच सांगितलं होतं तिला तसं. बाई, आता चावी?”

…

“बाई?”

“बादलीतलं पाणी नदीला देऊन टाक,” बाई म्हणाल्या.

मुकुलला वाटलं, बाईंना पटलं, आता आवरायला सांगताहेत. त्यानं खुशीत बादली वर ओढली आणि उपडी केली. पाणी पाण्यात गेलं. एक म्हातारी त्याच्या मनगटावर येऊन बसली आणि उडून गेली.

पेटीच्या खाली आता काहीच नव्हतं. खूप खाली, अडीच पुरुष खोल, नदी होती.

“आकडा वाच. मला दिसत नाही.”

मुकुलनं पाहिलं.

बावीस.

दिवाही लागलेलाच होता.

त्यानं तार हलवून बघितली. बावीस. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. एकवीस… मग पुन्हा बावीस. रिकामी बादली त्याच्या हातात लोंबत होती.

“कुणाचं बोलणं ऐकतेय ती?” बाईंनी विचारलं.



मुकुल बादली बाजूला ठेवून फळीवर बसला.

मग बाई म्हणाल्या, “ती चुकली कुठे, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?”

“कोण, बाई?”

“नववी.”

नववी आवृत्ती कुणाला द्यायचीच नाही तर ठेवायची कशाला, हा प्रश्न मुकुलनं परवा विचारला होता. त्याचं उत्तर बाईंनी आज दिलं : चूक शोधायची तर जुन्या आवृत्त्या हाताशी हव्यात.

तो उठला, कपाटाशी गेला, आणि ज्या डब्या पुसून टाकू म्हणत होता त्यांतली चौथी आवृत्ती काढून आणली. ती हळू, पण खोटं न बोलणारी. त्याच लिखाणाचं तिनं काय केलं होतं आणि चौदावीनं काय केलं, हे शेजारीशेजारी मांडून तो ओळीमागून ओळ वाचत गेला. उन्हाचा पट्टा फळीवरून सरकत त्याच्या गुडघ्यापाशी आला, गुडघ्यावर चढला, उतरून पलीकडे गेला.

मग ती जागा सापडली.

बाईंनी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या तीन ओळी. हाक मारून झाली की शून्यापासून चार हजारांपर्यंत मोज. मोजताना काहीही करू नकोस. मग कान उघड.

या ओळी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मुकुल खो खो हसला होता. “बाई, इथे तुम्ही नुसतंच मोजताय!” बाई तेव्हाही काही बोलल्या नव्हत्या.

चौथीच्या पानावर त्या जागी एक छोटंसं चक्र होतं, आपल्याभोवती फिरणारं. चौदावीच्या पानावर त्या जागी काही नव्हतं. तिला तिथे कुठलंच काम होताना दिसलं नाही. तिनं ते काढून टाकलं.

आणि हाक मारल्यावर पेटीचं तोंड थोडा वेळ थरथरत असतं, टोल दिल्यावर घंटा थरथरते तसं. ती थरथर विरायच्या आत कान उघडला, की पेटीला आपलाच आवाज ऐकू येतो. नदीनंच ओ दिली असं तिला वाटतं. आणि नशिबाचा खेळ असा, की त्या आपल्याच आवाजाचा आकडा येत होता बरोबर वीतभर. मुकुलनं तीनशे वेळा तपासलं होतं. तीनशेही वेळा त्याच बादलीवर.

त्याच्या डोळ्यांपुढे अकरावा पूल आला. भर उन्हात, तळाशी गेलेल्या नदीवर, लाल दिवा. आत्या दोन दिवस अलीकडेच थांबली असती. तिसऱ्या दिवशी, ‘मेलं बिघडलंय काहीतरी, पोरं जेवायची खोळंबलीत,’ असं म्हणत दिव्याखालून निघाली असती. मग रोजच निघाली असती. आणि ज्या दिवशी खरंच पाणी यायचं, त्या दिवशीही दिवा तसाच दिसला असता, लाल.

मुकुलला भीती वाटली. लाजही वाटली, पण आधी भीती.

“चौदावी नकोच मग,” तो पुटपुटला.

“थांबायचं असतं, हे तिला सांगितलं होतंस?”

“…नाही.”

“मग तिला कसं कळावं?”

बाई फळीवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. त्यांनी डोळे मिटले. मुकुलनं लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला.

त्यानं त्या तीन ओळींत, मोजणीच्या आकड्यापुढे, कंपायलरला कळेल असा एक शब्द ठेवला. त्या शब्दाचा अर्थ इतकाच होता, की तुला यात काही दिसत नसलं तरी हे राहू दे. नवी चिप जुनीपेक्षा तिपटीनं भराभर मोजायची, म्हणून चार हजारांचे बारा हजार केले.

“बाई, नवी चिप जलद आहे. तिला जास्त मोजायला लावावं लागलं.”

बाई डोळे न उघडता हसल्या. “लागतंच.”

त्यानं बादली भरून घेतली आणि पेटीखाली सोडली. या खेपेला दोरी मोकळी ठेवली. वाकून वाकून त्याची कंबर दुखली. बादली हातभर खाली असताना आकडा आला पंचेचाळीस. दोन हात खाली सोडली तेव्हा एक्क्याण्णव, आणि दिवा विझला. मग त्यानं बादली वर काढून घेतली आणि पेटीच्या खाली पुन्हा काहीच उरलं नाही.

चारशे सदतीस.

त्यानं खाली पाहिलं. अडीच पुरुष खोलवरून नदी वर बघत होती.

मुकुलनं आत जाऊन चौदाव्या आवृत्तीसाठी एक डबी घेतली. चिठ्ठीवर काय लिहावं, याचा त्यानं बराच विचार केला. सात वर्षं हसलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं. अखेर लिहिलं, ‘चौदा : हुशार आहे. थांब म्हटलं तर थांबते.’ डबी त्यानं नवव्या, दहाव्या आणि बाकीच्या डब्यांच्या रांगेत शेवटी ठेवली. एकही डबी हलवली नाही.

तो बाहेर आला तेव्हा ऊन सावरीच्या मागे गेलं होतं. पाण्यावर म्हाताऱ्याच म्हाताऱ्या दिसत होत्या, कुठल्या पाण्यावरच्या आणि कुठल्या पाण्यातल्या ते कळत नव्हतं.

बाई तिथेच बसल्या होत्या. काळा दोरा त्यांच्या गळ्यातच होता.

जीप सकाळी यायची होती. मुकुलच्या जिभेवर सात-आठ वाक्यं तयार होती. शिक्का तुम्ही मारता? की मी मारू? की आणखी एकदा तपासू? की यंदा तुमच्याकडेच राहू दे, पुढच्या वर्षी बघू? माझं चुकलं, हे तर सगळ्यांच्या आधी म्हणायचं होतं.

तो बाईंच्या शेजारी बसला.

“बाई?”

…

पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं. एक… दोन… तीन… तो मनात मोजू लागला. मोजताना त्यानं काहीच केलं नाही.

एक म्हातारी पाण्यावर उतरली, भिजली, आणि वाहत वाहत दिसेनाशी झाली. दोनशेच्या पुढे कुठेतरी त्याचे आकडे चुकले. चुकल्याचं त्याला वाईट वाटलं नाही. काहीतरी थरथरत होतं ते विरत गेलं, आणि ते आपल्याच छातीत होतं हे त्याला ते विरल्यावर कळलं.

नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. तो दिवसभर येतच होता.

…

बाईंनी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला आणि दोघांच्या मध्ये, फळीवर ठेवला.

“ओ,” बाई म्हणाल्या.