पश्चिमेची ओळ

नांदगिरे गावी नदीकाठच्या मठात आबानाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट.

गावात भिवसेन नावाचा त्यांचा भक्त पानमळा करी. पानमळा म्हणजे सोवळ्याची जागा. पायताण बाहेर काढायचं; विधवा, आंधळी, रोगी माणसं आत आली तर वेल सुकतात, असा समज. भिवसेनाने नेमकी तीच माणसं कामाला ठेवली होती. आंधळी कोंडाबाई ओल्या लव्हाळ्याने वेल शेवरीच्या झाडांना बांधी, महारोगातून उठलेला सटवाजी पाटाचं पाणी वळवी, विधवा तानू पानं खुडी.

शेजारचे मळेवाले नरसिंगराव मुद्दाम जोडे घालून आत येत. धर्मशाळेत कसलं सोवळं, म्हणत, आणि मळा कधी विकतोस ते विचारत.

भिवसेन खचे. मळा बुडाला तर ही माणसं पुन्हा देवळाच्या पायरीवर बसणार. त्यापेक्षा त्यांना घरबसल्या शिधाच द्यावा का, असं त्याने महाराजांना विचारलं.

महाराज म्हणाले, “भीक घालू नकोस, बाबा. ज्याला जे जमतं ते काम दे आणि पान चोख निघू दे. मळा चालला तरच यांच्या चुली चालतील.”

चैत्रातल्या एका दुपारी वावटळ उठली. वेल सुटून जमिनीवर लोळू लागले. भिवसेनाने सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

“घरी जाऊन तरी काय बघणार मी, दादा?” म्हणत कोंडाबाईने लव्हाळा उचलला. सटवाजी आणि तानू वेल खोडाशी दाबून धरत, ती गाठ मारी. पश्चिमेच्या ओळीपर्यंत मात्र कुणालाच पोचता आलं नाही.

वारा पडल्यावर भिवसेन तिकडे धावला. सगळी ओळ नीट बांधलेली!

“तिकडे कुणीतरी नाम घेत होतं,” कोंडाबाई म्हणाली. “मला वाटलं, तूच.”

वाचलेल्या पानांचा पहिला विडा घेऊन भिवसेन मठात गेला. महाराज सकाळपासून आसनावरून उठले नव्हते, असं सेवेकऱ्यांनी सांगितलं. पण विड्यासाठी पुढे केलेल्या तळव्यांवर लव्हाळ्याचे ताजे चरे होते.

“मजुरी नको,” महाराज हसले. “विडा दे.” मग म्हणाले, “शेजारचा मळा आडवा झालाय. तुझी माणसं घेऊन जा.”

नरसिंगरावांचे गडी केव्हाच पळाले होते. नरसिंगरावांनी स्वतःच फाटक उघडलं. अंधार पडेपर्यंत कोंडाबाई त्यांचे वेल बांधत होती.

सकाळी महाराज भिवसेनाच्या मळ्यात बसले होते. फाटकाशी पावलं वाजली.

“कोण नवं माणूस आलं?” कोंडाबाईने विचारलं. “अनवाणी आहे.”

नरसिंगराव महाराजांपुढे वाकले. महाराजांनी कोंडाबाईकडे बोट केलं, आणि ते तिच्याही पायांशी वाकले.