दोरीचे दुसरे टोक

फार पूर्वी मंदारपुरावर राजा सुनंद राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने कुत्र्याच्या कुळात जन्म घेतला होता. अंग काळेभोर, शेपटीचे टोक तेवढे पांढरे. वसुमित्र नावाच्या श्रेष्ठीने त्याला पिल्लू असताना घरी आणले आणि त्याचे नाव ठेवले कालक.

राजाने आपले आम्रवन साऱ्या नगराला खुले केले होते. सकाळ झाली की श्रेष्ठी आपापले कुत्रे घेऊन तिथे येत आणि त्यांना मोकळे सोडून गप्पांना बसत. कुत्र्याच्या गळ्यात दोरी घालणे त्या नगरात कमीपणाचे मानत. दोरी गाईबैलांना, ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचा कुत्रा नुसत्या हाकेवर चालतो, असे ते अभिमानाने सांगत. कालकाला हे फार आवडे. दवाने ओल्या गवतावरून कान मागे टाकून धावण्यासारखे दुसरे सुख त्याला ठाऊक नव्हते.

त्याच वनात पाटला नावाची म्हातारी काठी टेकत येऊ लागली. मोठ्या दुखण्यातून ती नुकतीच उठली होती. झाडांच्या सावलीत रोज चाललीस तरच पायांत बळ परत येईल, असे वैद्याने तिला बजावले होते.

एके दिवशी कालक तिला भेटायला आनंदाने धावत सुटला. पाटला किंचाळली, तोल जाऊन पडली, आणि काठी बाजूच्या तळ्यात गेली. कालकाने चटकन पाण्यात उडी मारली आणि काठी तोंडात धरून तो तिच्यापाशी आला. ती आणखीच ओरडू लागली.

"आजी, घाबरू नका हो!" वसुमित्र लांबून, बसल्या जागेवरून म्हणाला. "काही करत नाही तो. खेळतोय!"

"ते तुला ठाऊक, बाबा! मला कसं कळायचं? तू तिकडे आणि तो इकडे!"

ती अंग चोरून घेत असल्याचे कालकाने पाहिले. त्याने काठी हळूच खाली ठेवली आणि तो मागे सरला. त्याच्या मनात आले, 'मी चावणार नाही हे मला माहीत आहे. पण हिची भीती खरी आहे, आणि ती मी आणली आहे.'

पाटला यायची थांबली. राजाच्या कानावर गोष्ट गेली, तेव्हा त्याने तिला पालखी पाठवून आणवले आणि तो स्वतःही वनात आला. श्रेष्ठी एकमुखाने म्हणाले, "महाराज, आमचे कुत्रे हाकेत आहेत."

"मग बोलवा बरं," राजा म्हणाला.

सगळ्यांनी हाका मारल्या. नेमके त्याच वेळी एक मुंगूस आडवे गेले. सारे कुत्रे मुंगसामागे, श्रेष्ठी कुत्र्यांमागे; राजाचा छत्रधारी मध्ये सापडला आणि छत्रासकट तळ्यात बसला.

राजाने हसू दाबले, पण त्याचा आवाज कठोर झाला. "दवंडी पिटा. उद्यापासून एकही कुत्रा या वनात…"

कालकाचेही पाय शिवशिवले होते, पण तो जागचा हलला नव्हता. राजाचे शब्द ऐकून तो विहिरीकडे गेला. कठड्यावर माळ्याचा जुना दोर पडला होता. त्याचे एक टोक त्याने ओढत आणून धापा टाकणाऱ्या वसुमित्राच्या हातात दिले, आणि दुसऱ्या टोकाच्या फासात आपली मान आपणच घातली.

राजा बोलता बोलता थांबला.

मग कालक पाटलाकडे चालू लागला. दोर हातात असल्याने श्रेष्ठीलाही जावे लागले. तिच्यापासून थोड्या अंतरावर कालक खाली बसला, आणि वसुमित्राला प्रथमच तिच्यासमोर उभे राहावे लागले. जवळून पाहिले तेव्हा तिच्या कोपरावरची खपली त्याला दिसली.

"आजी, चुकलो मी," तो म्हणाला.

"याला कळलं कुठं थांबायचं ते. तुला उशीर लागला हो!" पाटला म्हणाली, आणि सुरकुत्यांतून हसली.

राजाने दवंडी बदलली. कुत्र्यांनी वनात खुशाल यावे. पण दोरी गळ्यात असावी, आणि तिचे दुसरे टोक नोकराच्या नव्हे, धन्याच्या स्वतःच्या हातात असावे. मोकळे धावायला त्याने नदीकाठचे कुरण दिले. तिथेही धन्याने नजर ठेवून उभे राहायचे.

दुसऱ्या दिवसापासून वनात मोठी गंमत सुरू झाली. बसून गप्पा मारणारे श्रेष्ठी कुत्र्यांबरोबर पळू लागले. वसुमित्राची ढेरी उतरली. कोणत्या झाडाखाली खार राहते आणि कालक कुठे हमखास थबकतो, हे त्याला पाठ झाले.

पाटलाही रोज येऊ लागली. आधी लांबून, मग जवळून. एका सकाळी ती म्हणाली, "दे रे जरा माझ्याकडे." एका हातात काठी, दुसऱ्यात दोरी घेऊन ती चालू लागली. वाऱ्यासारखा धावणारा कालक तिच्या पावलाला पाऊल जुळवत तळ्याला पूर्ण फेरी घालून आला, आणि त्याची पांढऱ्या टोकाची शेपटी वाटभर हलत होती.

विहारात जमलेल्या सभेला एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आज विहाराच्या दारात एका कुत्र्याला भिऊन जिच्या हातून भिक्षापात्र पडले, ती ही भिक्षुणी तेव्हाची पाटला होती. आपला कुत्रा बाहेर मोकळा सोडून मागे येऊन बसलेला हा उपासक तेव्हा वसुमित्र होता. राजा सुनंद म्हणजे आपला भिक्षू आनंद. आणि कालक तो मीच."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. उपासक लाजून उठला आणि कुत्र्याला आणायला धावला. सभा मोकळेपणाने हसली, भिक्षुणीसुद्धा.

आपण ज्याला पाळतो त्याच्या प्रत्येक पावलाची जाग ठेवणे, यालाच अप्रमाद म्हणतात.