अर्धी भीती

टेकडीखालच्या एका चिमुकल्या गावात गुणा तिच्या आबांबरोबर राहायची. आबा बांबूच्या टोपल्या विणायचे, त्यावरच दोघांचं पोट भरायचं. पण एके दिवशी ओल्या फरशीवरून आबा घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, हाड बसलं, आबा घरी आले. पण जे खाटेवर पडले ते उठेचनात.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या नीलाताई रोज म्हणायच्या, "आबा, चालायलाच हवं हो. पाय पेलेल तुम्हाला."

"आणि परत पडलो तर?" म्हणत आबा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

गुणा शेजारच्या बागेत झाडांना पाणी घालून दोघांपुरती भाकरी आणायची. एका सोनेरी सकाळी अबोलीच्या झुडपात, कोळ्याच्या जाळ्यात तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. बोटाएवढी परी! मोरपंखी पंख, दवबिंदूंचा इवलासा मुकुट. गुणाने एकेक धागा अलगद सोडवला.

"माग एक इच्छा," परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. "पण ज्याचं काम त्यानंच करायचं, असा आमचा नियम आहे. आबांची पावलं मी टाकणार नाही."

"मग त्यांची भीती घेऊन जा."

"भीती मला नाहीशी करता येत नाही, सोनुली. वाटून देता येते. अर्धी तुला घ्यावी लागेल."

"दे," गुणा म्हणाली.

घरात शिरताना तीच उंबरठ्यावर अडून राहिली. आबा मात्र उठून बसले होते!

"आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला," नीलाताई सांगत होत्या. आबांनी एक पाऊल टाकलं आणि दार घट्ट धरून उभी असलेली गुणा त्यांना दिसली.

"काय झालं गं?"

"पडायची भीती वाटते, आबा."

"वेडाबाई! मी आहे ना? बघ माझ्याकडे." आबांनी दुसरं पाऊल टाकलं. मग तिसरं.

त्यांच्या एकेका पावलागणिक गुणाची भीती विरत गेली. पुढे रोज सरावात आबांचा पाय ठणकायचा, घाम फुटायचा, कधी ते चिडायचेही. पण थांबले नाहीत. तीन महिन्यांनी काठी टेकत ते गुणाबरोबर बागेत आले. अबोलीच्या झुडपावर परी वाट बघत होती.

"तुम्ही दोघांनीच केलंत," परी हसली आणि केशरी, रुपेरी उजेडात लख्खकन विरून गेली.

डोळे दिपले म्हणून आबांनी दोन्ही हात डोळ्यांवर धरले. काठी गवतात पडली होती. आबा उभेच होते.