पापडांचे अध्यक्ष

बोरखळीच्या ग्रामपंचायतीचं सभागृह बांधून झालं आणि सरपंच दौलतरावांनी भिंतीवर नियम डकवला: ‘इथला प्रत्येक कार्यक्रम सरपंचांच्याच अध्यक्षतेखाली होईल.’ हार आणि खुर्ची म्हणजे दौलतरावांचा जीव की प्राण!

बचत गटाच्या बायकांना पापड लाटायला जागा हवी होती. बाहेर वावटळीनं सगळ्या पापडांत माती जायची. गटाच्या द्वारकाबाई विचारायला गेल्या, तर दौलतराव हसले.

“पापडांना कधी अध्यक्ष असतो का?”

“नियम तुमचाच आहे, सरपंच,” म्हणत द्वारकाबाईंनी अर्ज पुढं केला. त्यात ‘अध्यक्ष : माननीय दौलतराव’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. ते बघून गडी खुलला आणि सही करून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार घालून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी तासभर भाषण ठोकलं. बायका माना डोलवत लाटत राहिल्या. भाषण संपवून दौलतराव निघाले, तसं द्वारकाबाईंनी अडवलं.

“बसा, सरपंच. आभारप्रदर्शनाआधी अध्यक्ष उठतात होय?”

“मग माना की आभार!”

“कार्यक्रम संपल्यावर. अजून चार डबे पीठ आहे. आज नाही आटपलं तर उद्या आठला पुन्हा या.”

दौलतरावांनी भिंतीकडं पाहिलं. नियमाखाली सही त्यांचीच. जेवणाची वेळ टळली, पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा त्याच खुर्चीवर चढून त्यांनी तो कागद स्वतःच्या हातानं फाडला.

द्वारकाबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं आणि उभं राहून हात जोडले.

“सभागृह गावाला खुलं केल्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार! आता उठा, जेवण निवलं असेल.”