गाडीवाल्याची गुप्त खूण

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता, हे मला विचारू नका. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एक म्हातारी व्हॅन होती. जुन्या काळी व्हॅन कुठून आली, असं बालमंडळी विचारतील. गोष्टीत असते, बाळांनो.

व्हॅनच्या मालकाला सगळे गाडीवाला म्हणत. माणूस कष्टाळू, पण महासंशयी. देवळात गेला तरी त्याचं अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांवर असायचं.

त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखाना घाटापलीकडे आणि व्हॅनचं इंजिन तर पार थकलेलं. ऐन वेळी गाडी बंद पडली तर लेकीचं काय होईल, या विचाराने त्याला झोप लागेना. म्हणून त्याने गावातल्या मिस्त्रीकडून दुसरं इंजिन बसवून घ्यायचं ठरवलं.

मिस्त्री अंगणात काम करी आणि गाडीवाला तिथेच स्टूल टाकून त्याच्या हातांकडे बघत बसे. याने चांगला भाग काढून जुना बसवला तर? मिस्त्री जेवायला घरी गेला, तेव्हा गाडीवाल्याने पाना उचलला. हात पोचेल तिथले नट सोडवले, जोडांच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा लाल रंगाचा जाड थर दिला आणि नट पुन्हा आवळले. उद्या कुणी काही बदललं, तर आपल्या खुणेवरून चोर सापडेल! स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला.

दुसऱ्या दिवशी व्हॅनला हार घातला, नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. टक्! पुढे काहीच नाही.

मिस्त्रीने बॅटरी पाहिली, तारा पाहिल्या, डोकं खाजवलं. गाडीवाल्याने मात्र गुन्हेगार शोधायला घेतले.

"शेजारच्या कुंभाराने टाकीत माती टाकली असणार. माती त्याला फुकट मिळते!"

"आणि डिझेलमध्ये पाणी? ते काम दूधवाल्याचं. हातच बसलाय त्याचा!"

कुंभार आणि दूधवाला दोघेही तिथेच उभे होते. दोघांनी ऐकलं आणि ते तडक घरी निघून गेले. शेवटी गाडीवाला मिस्त्रीवर उलटला. "तूच काहीतरी लंपास केलंयस!"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "भाऊ, तुमच्या लेकीसाठी गाडी हवीय, म्हणून थांबलोय. नाहीतर आत्ता निघून गेलो असतो."

तेवढ्यात घरातून गाडीवाल्याच्या बायकोची हाक आली. "अहो, पोरीला कळा सुरू झाल्या! गाडी काढा!"

मिस्त्री गाडीवाल्यासमोर उभा राहिला. "खरं सांगा. मी आवळलेलं काही कुणी उघडलं होतं का?"

खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर लेक जाते. घरातून लेकीचं कण्हणं ऐकू आलं आणि गाडीवाला बोलून गेला. "मी उघडलं होतं. सगळ्या जोडांना आतून रंग लावलाय."

"अहो, काय केलंत हे!" मिस्त्री गाडीखाली शिरला. "बॅटरीतली वीज गाडीच्या लोखंडातून परत फिरते. लोखंडाला लोखंड उघडं भिडावं लागतं. मधे तुमचा रंग बसलाय!"

त्याने तारेचा जोड सोडवला, रंग खरवडला आणि नट आवळला. पण तपासताना दिवे लावून लावून बॅटरीही बसली होती. आता धक्का मारल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. आणि धक्का मारणार कोण?

मिस्त्रीने हाका मारल्या. कुंभार आला, दूधवालाही आला. गाडीवाल्याकडे कुणी पाहिलं नाही. लेकीला मात्र दोघांनी सांभाळून आत बसवलं. मग तिघांनी खांदे लावले. गाडीवाला स्टिअरिंग धरून बसला आणि ज्यांना चोर म्हणाला होता, त्या सगळ्यांकडे त्याला पाठ करावी लागली. व्हॅन खोकली, धडधडली आणि घाटाला लागली.

लेक सुखरूप बाळंत झाली. नात झाली! गाडीवाला बर्फीचा पुडा घेऊन आनंदाने गावात परतला. आधी मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने हात पुसले, बर्फीचा तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत त्याच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही खा, भाऊ."

कुंभाराच्या दारात तेच. दूधवाल्याच्या दारातही तेच. प्रत्येक दारात एकेक तुकडा खाताना गाडीवाल्याला बर्फी कडू लागली आणि त्याचे डोळे भरून आले.

तात्पर्य : जो प्रत्येकावर संशय घेतो, त्याच्या आनंदावरही कुणाचा विश्वास बसत नाही.