झाकण लावलेली दुर्बीण

"म्हणजे अण्णा धडधडीत खोटं बोलतात, आणि तुम्हाला त्यात काहीच वाटत नाही?" निरंजनने विचारलं.

दिगंबरबुवा बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

गढवालात, एका हिमनदीच्या खाली तळं आहे. तळ्याकाठी दगडाची एक खोली. बुवा मूळचे देवरुखचे. तरुणपणी हिंडत हिंडत इथवर आले आणि परत जायचं राहून गेलं. डोंगर चढून येणाऱ्याला खिचडी घालायची, झोपायला कांबळं द्यायचं, एवढाच त्यांचा उद्योग. कोणी काही विचारलं तर बहुतेक वेळा ते उत्तर देत नाहीत. तरी लोक विचारतात.

निरंजन आपटे सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि सुट्टीला लोकांना आकाश दाखवायचा. तारे त्याला तोंडपाठ होते. ते तोंडपाठ आहेत हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी गच्चीवर त्याला तारे ओळखायला शिकवलं ते वडिलांनी, वामनअण्णांनी. हाताने आरसा घासून घरी दुर्बीण केली तीही अण्णांनीच. तीच दुर्बीण खेचरावर लादून, अण्णांना बरोबर घेऊन, तो या तळ्यापर्यंत आला होता. इथलं आभाळ त्यांना दाखवायचं म्हणून.

"काल झालं काय, ते सांग," बुवा म्हणाले.

"शनी लावला होता. अण्णांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, वा! काय कडी आहेत!"

"मग?"

"मग मी पाहिलं. दुर्बिणीला आधीच धक्का लागलेला होता. नळी समोरच्या डोंगरकड्यावर. आत काळंकुट्ट. काही म्हणजे काही नाही!"

बुवा हसले.

"हसताय काय? मी चारचारदा विचारलं. दिसतंय ना अण्णा? दिसतंय ना?"

"चारदा विचारलंस तर मीही हो म्हणेन."

"दिसत नसेल तर नाही म्हणावं. मी काय परका आहे?"

बुवांनी बटाटे पातेल्यात टाकले.

"आज मी खरं काय ते काढणार," निरंजन म्हणाला.

...

ऊन वर आल्यावर तिघं हिमनदीकडे निघाले. अण्णा निरंजनच्या पाठीवरच्या सॅकला हात लावून चालत होते. चढाला आधार बरा पडतो, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. मजेत होते. धाप लागली की थांबत, आणि धाप लागली म्हणून नव्हे तर हवा चांगली आहे म्हणून थांबलो, असं सांगत.

"ऐका," मधेच ते म्हणाले. वर कुठेतरी बर्फाला तडा गेला होता. लांब, खोल आवाज झाला. "कोणीतरी कपाट सरकवतंय."

बुवांना ते फार आवडलं. वाटभर ते प्रत्येक आवाजाला कपाट सरकवत राहिले.

हिमनदीच्या तोंडाशी पोचले. निरंजन वळला.

"अण्णा, बर्फाचा रंग कसा आहे इथे?"

"बर्फाचा कसा असणार? पांढराशुभ्र."

समोरचा बर्फ दगडमातीने माखलेला होता. राखाडी, जागोजागी काळा.

'पाहिलंत?' अशा नजरेने निरंजनने बुवांकडे पाहिलं.

"पांढराच," बुवा म्हणाले. "वर थोडी धूळ बसलीय, एवढंच."

...

अमावास्या जवळ आली होती. सूर्य बुडाला, कडे काळे झाले आणि आभाळ बघता बघता ताऱ्यांनी भरलं. बुवांची खिचडी चुलीवर होती.

निरंजनने तळ्याकाठी दुर्बीण उभी केली. नळी शनीकडे रोखली. मग खिशातून झाकण काढलं आणि नळीच्या तोंडावर घट्ट बसवलं.

बुवा दारात उभे होते. त्यांनी पाहिलं.

"अण्णा, या! आज अगदी बरोबर लागलाय."

अण्णा काठी टेकत आले. एक हात नळीवर ठेवला, वाकले, डोळा लावला. बराच वेळ.

"वा!" ते म्हणाले. "आजच्यासारखा कधी दिसला नव्हता."

निरंजनने तोंड उघडलं. तेवढ्यात बुवांनी त्याला हाताने बाजूला केलं.

"बघू, बघू. मलाही बघू द्या."

बुवांनी डोळा लावला.

"आहाहा... अण्णासाहेब, कडी तर आहेतच. पण ते डावीकडचं निळसर पाहिलंत का?"

"निळसर?"

"निळसर. थोडं मोरपिसासारखं."

"हो हो," अण्णा म्हणाले. "पाहिलं ना."

"आणि उजवीकडचा हत्ती?"

अण्णांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता खाली बसले.

"बुवा, हत्ती मात्र नाही हो दिसला. झाकणामागे असेल."

बुवाही मोठमोठ्याने हसायला लागले. तळ्यापलीकडच्या कड्यावरून हसणं परत आलं, तर दोघं आणखीनच हसले.

निरंजन हसला नाही.

"तुम्हाला माहीत होतं? झाकण आहे ते?"

"अरे, ही नळी मी बनवलीय. हात ठेवला की कळतं, उघडी आहे का बंद."

"मग... वा कशाला म्हणालात?"

"एवढ्या हौसेनं हाक मारलीस. नाही कसं म्हणू?"

वर पुन्हा एकदा बर्फ तडकला.

"वर्ष झालं," अण्णा म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, मधली नजर गेली. आता जे गेलं ते यायचं नाही. कडेची तेवढी उरलीय. दार दिसतं, दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. वाचायला घेतलं की ओळ पुसली जाते. तुझ्याकडे बघायला जातो आणि नेमका तूच जातोस."

"मला सांगितलं का नाही?"

"तू दर रविवारी दुर्बीण पुसून ठेवतोस, निरू. सांगितलं असतं तर पुसायचं सोडलं असतंस."

निरंजनने झाकण काढलं. हातात धरून उभा राहिला. ते आता कुठे ठेवावं, त्याला कळेना. तो नुसता म्हणाला, "चुकलो अण्णा... असं करायला नको होतं."

"बरं केलंस. हत्तीचं ओझं उतरलं."

बुवा अण्णांजवळ गेले. न्हावी धरतो तशी दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली. तोंड वर केलं. मग हळूच वळवलं. शनीवरून, ताऱ्यांच्या दाटीवरून, पार बाजूच्या काळ्या कड्याकडे.

"तिकडे काय आहे, बुवा? कडा ना?"

"कडाच. बघा कड्याकडे."

अण्णा बघत राहिले. हात आपोआप वर आला. बोटं हवेत उघडली.

"अरे..."

"काय?" निरंजनने घाईने विचारलं.

"अरे, थांब. हलू नका कोणी. इकडे... इकडे कडेला काहीतरी सांडलंय. पांढरं. लांबच लांब..." त्यांचा आवाज चढला. "आकाशगंगा! निरू, आकाशगंगा आहे ही! खालपर्यंत आलीय, पाण्यापर्यंत!"

त्यांनी आनंदाने तिच्याकडे मान वळवली. लगेच ती गेली. पुन्हा कड्याकडे पाहिलं. पुन्हा आली. लहान मुलासारखा त्यांचा तो खेळच झाला. येते, जाते, येते.

निरंजन ऐकत होता. अंधूक तारा पाहायचा असेल तर त्याच्याकडे सरळ बघू नका, जरा कडेला बघा. दर सुट्टीला तो हे लोकांना सांगायचा. नवख्या माणसाला पहिलं वाक्य हेच. वर्षानुवर्षं.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. तो पुढे आला, अण्णांच्या अगदी समोर उभा राहिला आणि खाली वाकला.

"अण्णा... आणि मी?"

अण्णा त्याच्याकडे बघायला गेले. डोळे चाचपडले. हसले.

खोलीतून खिचडीचा वास येत होता. बुवांनी कांबळ्याची घडी उलगडली, अण्णांच्या डाव्या अंगाला जमिनीवर अंथरली आणि हाताने थोपटली.

"समोर काय उभा राहतोस?" ते म्हणाले. "शेजारी बस."